शून्याने झाकलेल्या चुका

किंमत भरायच्या आधीच मेमरी वाचली गेली की प्रोग्रॅम भरकटतो. यावरचा उपाय सी भाषा नुकती शिकू लागलेल्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो: आधी शून्य भरा, मग वापरा. मुरलेले प्रोग्रॅमरही बहुधा हेच सांगतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये अशी चूक निघाली तरी निदान तेच आणि औषधही तेच. कोणाच्या तरी हातून एक मेमसेट (मेमरी भरणारे फंक्शन) राहून गेला, तो घाला आणि कामाला लागा.

हे मत मला उथळ वाटते. कर्नलमधल्या पेजच्या नोंदी कोऱ्या राहतात, तेव्हा मूळ दोष जबाबदारीच्या वाटपात असतो. ती नोंद कोणी भरायची आणि कुठल्या हद्दीपर्यंत भरायची, हे कर्नलच्या दोन भागांनी वेगवेगळे गृहीत धरलेले असते. शून्य भरले की हे मतभेद मिटत नाहीत, फक्त दिसेनासे होतात. म्हणून अशा चुकीमागे लागताना "इथे कोणती किंमत हवी होती?" हा प्रश्न दुसरा, "ही नोंद कोणाच्या ताब्यात होती?" हा पहिला. लिनक्स कर्नलच्या २०१५ ते २०२१ या काळातल्या काही घटना या म्हणण्याला आधार देतात. त्या क्रमाने पाहू.

१. नोंद कशाची आणि किती

प्रत्यक्ष मेमरीचे कर्नल सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. एक्स८६ मशिनवर असा तुकडा ४०९६ बाइटचा असतो. त्याला पेज म्हणतात. प्रत्येक पेजमागे कर्नल स्वतःजवळ एक नोंद ठेवतो. तिचे नाव स्ट्रक्ट पेज. ६४ बिटांच्या मशिनवर ही नोंद साधारणपणे ६४ बाइटची असते. म्हणजे मेमरीचा चौसष्टावा हिस्सा, दीड टक्क्याहून थोडा अधिक, मेमरीचा हिशेब ठेवण्यातच जातो. ६४ जीबीच्या सर्व्हरवर सुमारे १ कोटी ६७ लाख नोंदी होतात आणि त्या १ जीबी जागा घेतात. १ टीबीच्या मशिनवर नोंदी २६ कोटींच्या पुढे जातात आणि जागा १६ जीबी.

जमीन वेगळी आणि सातबारा वेगळा, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शेतात पीक कोणते हा एक प्रश्न आणि उताऱ्यावर नाव कोणाचे हा दुसरा. पेजमधला मजकूर आणि पेजची नोंद यांच्यात हाच फरक आहे. उतारा कोरा असेल तर पाहणाऱ्याला निदान एवढे कळते की नोंद व्हायची राहिली आहे. पण प्रत्येक कोऱ्या उताऱ्यावर गावातल्या पहिल्या खातेदाराचे नाव आपोआप पडू लागले, तर चूक झाली आहे हेच कोणाच्या लक्षात येणार नाही. वाद उभा राहील तो जमीन विकायला निघाल्यावर.

नोंदीत मुख्यतः चार गोष्टी असतात. पहिली, फ्लॅगचा शब्द: त्याच्या खालच्या बिटांत पेजची अवस्था आणि वरच्या बिटांत पेज कोणत्या नोडमधले (मेमरीचा प्रोसेसरनिहाय गट), कोणत्या झोनमधले (पत्त्यानुसार पाडलेला मेमरीचा पट्टा) याचा पत्ता. दुसरी, रेफकाउंट: पेज किती जणांनी धरून ठेवले आहे. तिसरी, मॅपकाउंट: ते किती पेज टेबलांत मॅप झाले आहे. चौथी, पेज एखाद्या यादीत ओवण्यासाठी लागणारे दोन पॉइंटर.

२. पहिला मुद्दा: शून्य हे एक विधान आहे

शून्य म्हणजे 'अजून काही ठरले नाही' असा आपला समज असतो. या चार रकान्यांत शून्य भरून पाहिले की तो समज टिकत नाही.

वरच्या बिटांत शून्य असेल तर पत्ता निघतो नोड ० आणि झोन ०. एक्स८६ वर झोन ० म्हणजे साधारणपणे मेमरीच्या अगदी आरंभीच्या १६ एमबीचा डीएमए झोन, जुन्या आयएसए उपकरणांसाठी राखलेला. म्हणजे शून्य भरलेली नोंद "माझा पत्ता ठरलेला नाही" असे म्हणत नाही. "मी पहिल्या नोडच्या पहिल्या झोनमध्ये राहते," असे ती ठामपणे सांगते.

मॅपकाउंटचे प्रकरण याहून नाजूक आहे. कर्नल ही मोजणी उणे एकपासून सुरू करतो. उणे एक म्हणजे पेज कुठेही मॅप झालेले नाही. शून्य म्हणजे एका ठिकाणी मॅप झालेले आहे. कोणालाही न दिलेल्या पेजच्या नोंदीत शून्य आले, तर नोंद म्हणते की कोणीतरी एक जण हे पेज वापरतो आहे. दोन पॉइंटरांचेही तसेच. कर्नलमध्ये रिकाम्या यादीचे पॉइंटर स्वतःकडेच बोट दाखवतात. तिथे शून्य असणे म्हणजे रिकामी यादी नव्हे, मोडकी यादी. आणि इनिशियलाइज होताना पेजचा रेफकाउंट एकवर ठेवतात. तो शून्य असणे म्हणजे पेज कोणीही धरलेले नाही, ते मोकळे आहे.

आता ही चार विधाने एकत्र वाचा. पेज डीएमए झोनमधले आहे, एका ठिकाणी मॅप झालेले आहे, कोणीही धरलेले नाही, आणि त्याची यादी मोडलेली आहे. असे पेज धड चालणाऱ्या कर्नलमध्ये असू शकत नाही. पण कर्नल चारही रकाने एकत्र क्वचितच वाचतो. एखादा भाग फक्त झोन पाहतो, दुसरा फक्त रेफकाउंट. सुटे घेतले तर यातले बहुतेक रकाने पटण्याजोगे दिसतात. खरा धोका इथे आहे. उघड खोटे लगेच पकडले जाते. पटण्याजोगे खोटे मात्र पुढच्या टेबलावर सरकते.

म्हणूनच एका पेजची नोंद तयार करणारे कर्नलमधले फंक्शन शून्य भरून थांबत नाही. ते आधी नोंद पुसते, मग झोन आणि नोडचा पत्ता लिहिते, रेफकाउंट एक करते, मॅपकाउंट उणे एक करते आणि यादीचे पॉइंटर स्वतःकडे वळवते. शून्य भरणे ही तिथे पाटी पुसण्याची पायरी आहे. लिहिणे त्यानंतर सुरू होते.

३. दुसरा मुद्दा: नोंदी कोऱ्या राहतात त्या हद्दीवर

'कोणीतरी विसरले' हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. पण कोट्यवधी नोंदी भरणाऱ्या लूपमध्ये विसरायला जागा फारशी नसते. नोंदी कोऱ्या राहतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी दोन हिशेबांची हद्द असते.

पहिली हद्द वेळेची. मेमरी टेराबाइटांत गेली तसा सगळ्या नोंदी भरून मग बूट पुढे न्यायला वेळ पुरेना. मेल गॉर्मन यांच्या कामातून २०१५ साली लिनक्स ४.२ मध्ये नवी सोय आली: बूट होताना थोड्या नोंदी भरायच्या, बाकीच्या प्रत्येक नोडच्या थ्रेडने नंतर समांतर भरायच्या. बूट झपाट्याने होऊ लागले. पण आता काही काळ असा आला की नोंदीची जागा आहे आणि नोंद मात्र नाही. त्या काळात कोणी वाचायचे आणि कोणी थांबायचे, हा करार नव्याने करावा लागला.

दुसरी हद्द फर्मवेअरची. कोणता पत्ता रॅमचा, कोणता राखीव आणि कोणता कशाचाच नाही, हे कर्नलला फर्मवेअर सांगते. या नकाशात भोके असतात. कधी ती पेजच्या मापात बसत नाहीत, कधी एकच तुकडा एका यादीत 'राखीव' असतो आणि दुसऱ्या यादीत नसतोच.

तिसरी हद्द मापाची. कर्नल नोंदींसाठी जागा घेतो ती सेक्शनच्या मापाने. एक्स८६ वर सेक्शन १२८ एमबीचा. मेमरी सेक्शनच्या अधेमध्ये संपली, तर उरलेल्या भागाच्या नोंदींना जागा मिळते पण त्यांच्यामागे मेमरीच नसते. त्या कोणी भरायच्या? मेमरी मोजणारा म्हणतो, माझी हद्द संपली. सेक्शन मोजणारा म्हणतो, मी फक्त जागा दिली.

४. तिसरा मुद्दा: शून्याने झाकलेली चूक वर्षांनी बाहेर येते

आता एक प्रकरण जवळून पाहू. सगळा युक्तिवाद त्यात एकवटलेला आहे.

पूर्वी नोंदींसाठी जागा घेतानाच ती जागा शून्याने भरली जात असे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५ मध्ये पावेल तातशिन यांच्या पॅचमालिकेने हे थांबवले. एकच जागा आधी घेताना आणि मग नोंद करताना अशी दोनदा पुसण्यात अर्थ नव्हता. युक्ती अगदी योग्य होती. पण शून्याचे हे पांघरूण निघताच खाली काय होते ते दिसले: काही नोंदी अशा होत्या की त्या कधीच कोणी भरल्या नव्हत्या. नमुन्यादाखल पेज क्रमांक ०. एक्स८६ चा कोड मेमरी अगदी शून्यापासून राखून ठेवतो. केव्हीएमवर चालणाऱ्या आभासी मशिनवर फर्मवेअरचा नकाशा मात्र रॅम पेज १ पासून आहे असे सांगू शकतो. राखीव यादीत पेज ० आहे, रॅमच्या यादीत नाही. त्याची नोंद भरायची कोणी? उत्तर कोणाकडेच नव्हते. तोवर शून्याने वेळ निभावली होती, एवढेच.

त्या वेळी उपाय निघाला तो सरळ होता: अशा अनाथ नोंदी शोधून त्यांत मुद्दाम शून्य भरायचे. पांघरूण पुन्हा घातले गेले. पुढे या नोंदींवर 'रिझर्व्हड' असा शिक्काही पडू लागला, पण झोन आणि नोडचा पत्ता शून्यच राहिला.

तरीही मशिने चालली. त्याला कारण होते. झोनच्या पोटातल्या भोकांच्या नोंदींवरून आणखी एक लूप फिरत असे आणि तो जाता जाता पत्ता बरोबर लिहून टाकत असे. हे त्याचे घोषित काम नव्हते. तो प्रत्येक पेज क्रमांकावरून चालत होता म्हणून ते होत होते. २०२० साली लिनक्स ५.८ मध्ये हा लूप सुधारला गेला. एकेक क्रमांक तपासण्याऐवजी तो रॅमच्या सलग पट्ट्यांवरून चालू लागला. सुधारणा पुन्हा योग्यच. पण भोके आता त्याच्या वाटेत येईनात. दुसरे पांघरूणही गेले.

आता एका मशिनचा नकाशा पाहा. १९५३ एमबीच्या जरा पुढे फर्मवेअरने ६२४ केबीचा एक तुकडा अनोळखी प्रकारचा म्हणून दाखवला आहे. त्यात १५६ पेजे बसतात. तो संपतो तिथून पुन्हा रॅम सुरू. कर्नल मोकळ्या मेमरीचा हिशेब २ एमबीच्या पेजब्लॉकने ठेवतो. १९५४ एमबीला सुरू होणाऱ्या ब्लॉकची पहिली २३ पेजे भोकात आहेत आणि पुढची रॅममध्ये. ब्लॉक भोकात उगवतो आणि रॅममध्ये मावळतो. विखुरलेली मेमरी एकत्र आणणारे कॉम्पॅक्शन अशा ब्लॉकवर आले आणि त्याने भोकातली नोंद वाचली. नोंद म्हणाली, मी डीएमए झोनमधली. डीएमए झोन १६ एमबीला संपतो. हे पेज तर १९५४ व्या एमबीत. पेजचा क्रमांक त्याच्या झोनच्या हद्दीत बसतो का, अशी एक तपासणी त्या वाटेवर होती. ती फसली आणि कर्नल थांबला.

इथे वरवर पाहणारा म्हणेल, दोष कॉम्पॅक्शनमध्ये. कॉलस्टॅकवर नाव त्याचेच होते. प्रत्यक्षात चुकीचे विधान बूट होतानाच लिहिले गेले होते आणि ते लिहिण्याची रीत पडली होती त्याच्याही कितीतरी आधी. तपासणी नसती, तर तोच कोड चुकीच्या झोनचा हिशेब धरून मुकाट पुढे गेला असता.

दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये पॅच आला, तो फेब्रुवारीत मागे घ्यावा लागला, कारण चाचणीची काही मशिने निःशब्दपणे बूटच होईनात. नव्याने रचलेला उपाय लिनक्स ५.१२ मध्ये गेला: भोकातल्या नोंदींना शेजारच्या पट्ट्याचा झोन आणि नोड द्यायचा आणि हे काम झोनच्या नोंदी भरणाऱ्या कोडनेच करायचे. म्हणजे शेवटी उत्तर निघाले ते 'किंमत कोणती' यातून नव्हे, तर 'काम कोणाचे' यातून. जबाबदारी एका जागी आली आणि मग किंमत आपोआप बरोबर आली.

५. चौथा मुद्दा: जास्त भरणे हाही उपाय नव्हे

कोणी म्हणेल, शून्य नको तर खरी नोंद भरा, आणि सगळीकडे भरा. हाही प्रयोग होऊन गेला आहे. एस३९० या आयबीएमच्या मेनफ्रेमवर मेमरी २०५० एमबीपुरती मर्यादित करून बूट केले, तर २५६ एमबीच्या आठ सेक्शनांनंतर फक्त २ एमबी उरतात. नवव्या सेक्शनच्या तेवढ्याच नोंदी भरल्या जात. मग मेमरी कोणत्या झोनमध्ये जाऊ शकते हे सांगणारी सिसएफएसमधली फाइल वाचली की कर्नल त्या सेक्शनच्या कोऱ्या भागात शिरून कोसळे.

२०१८ च्या अखेरीस यावर उपाय म्हणून सेक्शन शेवटपर्यंत भरून टाकण्याचा पॅच घेतला गेला. २०१९ च्या आरंभी तो मागे घ्यावा लागला. सबंध सेक्शन एकाच नोडचा असतो हे त्याचे गृहीतक सगळ्या मशिनांवर खरे नव्हते. काही ठिकाणी एकाच सेक्शनमध्ये दोन नोडांची मेमरी येते. भरणाऱ्याने शेजाऱ्याच्या वाट्याच्या नोंदीवरही आपला पत्ता लिहून ठेवला. मग मिखाल होको यांनी दुसरी वाट घेतली: वाचणाऱ्यानेच झोनच्या शेवटापुढे जायचे नाही. त्याच वर्षी पेजच्या नोंदी बाहेर दाखवणाऱ्या प्रॉकएफएसमधल्या फाइलींनाही अशीच शिस्त लावली गेली. नोंद वाचण्याआधी ती मेमरी ऑनलाइन आहे ना, हे तपासायचे.

भरणाऱ्याला हद्द हवी तशी वाचणाऱ्यालाही हवी.

६. पाचवा मुद्दा: विष शून्यापेक्षा प्रामाणिक असते

मग भरण्याआधी नोंदीत काय असावे? २०१८ मध्ये कर्नलने याचे उत्तर दिले: डीबगिंग चालू असेल तर नोंदींची जागा घेतल्याबरोबर तिचा प्रत्येक बिट एक करायचा. याला पॉयझनिंग म्हणतात. फ्लॅगचा सबंध शब्द एकांनी भरलेला दिसला, की ही नोंद कोणी भरलेलीच नाही, असे कर्नल स्पष्ट सांगतो आणि नोंद छापून दाखवतो. एस३९० वरची चूक हाती लागली ती याच संदेशामुळे.

शून्य आणि विष यांतला फरक इथे कळतो. सगळे बिट एक असलेली नोंद एकाच वेळी लॉक, डर्टी, रिझर्व्हड आणि आणखी बरेच काही असल्याचा दावा करते. तिच्यावर कोणीही विश्वास ठेवू शकत नाही. अविश्वसनीय असणे हाच तिचा गुण. ती पहिल्या वाचकालाच अडवते, त्यामुळे चूक आणि चुकीचा परिणाम यांतले अंतर कमी होते, आणि डीबगिंगचा बहुतेक वेळ हे अंतर कापण्यातच जातो.

अर्थात विष फुकट मिळत नाही. १२ टीबीहून अधिक मेमरी असलेल्या एका मशिनवर नोंदी विषाने भरायलाच दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. हिशेब सोपा आहे: १२ टीबीच्या नोंदीच १९२ जीबी होतात. वेळ वाचवायचा तर मेमरीची सगळी डीबगिंग तपासणीच बंद करावी लागे. म्हणून २०१८ च्या अखेरीस बूटच्या वेळी द्यायचा 'व्हीएम डीबग' हा पर्याय आला. त्याने फक्त पॉयझनिंग बंद करून बाकीच्या तपासण्या चालू ठेवता येतात. एका तपासणीच्या खर्चापायी दहा तपासण्या जाऊ नयेत, ही यातली शिकवण.

७. मग शोध कसा घ्यावा

वरचे मुद्दे मान्य केले तर शोधाचा क्रम बदलतो. माझ्या मते तो असा असावा.

एक: कॉलस्टॅक बाजूला ठेवून पेजचा क्रमांक आधी काढा. क्रॅशच्या वेळी छापलेल्या नोंदीतून तो मिळतो.

दोन: त्या क्रमांकाचा प्रत्यक्ष पत्ता काढून बूट लॉगमधल्या फर्मवेअरच्या नकाशाशी आणि प्रॉकएफएसमधल्या आयओमेमच्या यादीशी ताडून पाहा. पत्ता रॅममध्ये, भोकात की हद्दीपासून हाकेच्या अंतरावर? सेक्शनच्या आणि पेजब्लॉकच्या मापात तो कुठे बसतो?

तीन: बूटच्या वेळी मेमरी वाटणाऱ्या मेमब्लॉकचे डीबग लॉग चालू करा. ती मेमरी कोणी आणि कोणत्या यादीत नोंदवली ते त्यातून कळते. दोन याद्यांत मेळ नसेल, तर बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

चार: नोंदीत नेमके काय आहे ते पाहा. सगळे एक असतील तर कोणी भरलेच नाही. सगळे शून्य असतील तर कोणीतरी पांघरूण घातले आहे. अर्धे बरोबर असेल तर दोन जणांनी भरले आहे. तिन्हींची वाट वेगळी.

पाच: पूर्वी चालत असेल तर गिट बायसेक्ट करा, पण हाती लागलेल्या पॅचला लगेच दोषी ठरवू नका. ५.८ मधली सुधारणा निर्दोष होती. तिने जुने पांघरूण काढले, एवढेच.

८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षेचा. जुन्या मेमरीतला मजकूर दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून लिनक्स ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, मेमरी देतानाच ती शून्याने भरण्याची सोय कर्नलमध्ये आहे. मग शून्याला दोष का? ही सोय योग्यच आहे. पण ती पेजच्या मजकुरासाठी आहे. मजकुराला शून्य चालते, कारण मजकुराचा अर्थ घेणारा अजून यायचा असतो. नोंदीचा अर्थ घेणारा कर्नल स्वतः असतो आणि तो ताबडतोब घेतो. शेत नांगरून ठेवण्याचा नियम उताऱ्याला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये केएमसॅन आले. मेमरीचा प्रत्येक बिट भरला गेला आहे की नाही याचा ते समांतर हिशेब ठेवते आणि न भरलेली किंमत वापरली की ओरडते. मग इतकी चर्चा कशाला? कारण केएमसॅनच्या लेखी शून्य भरलेली मेमरी भरलेलीच असते. त्यामुळे आपोआप शून्य भरण्याची वरची सोय चालू असेल, तर केएमसॅन चालवताना ती बंद ठेवा असे कर्नल स्वतःच सांगतो. शून्य माणसाला फसवते तसे साधनालाही फसवते.

तिसरा आक्षेप भाषेचा. रस्टमध्ये न भरलेले व्हेरिएबल कंपायलरच वाचू देत नाही, आणि लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे. हा फायदा मोठा आहे आणि मला तो मान्य आहे. पण फर्मवेअरचा नकाशा कंपायलरला दिसत नाही. पेज ० राखीव यादीत आहे आणि रॅमच्या यादीत नाही, ही विसंगती मशिन सुरू झाल्यावर जन्मते. भाषा किंमत भरायला लावील; बरोबर पत्ता भरायला लावू शकणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार. ग्राहकाच्या मशिनवर विष म्हणजे क्रॅश. शून्य निदान चालते तरी. कंपायलरच्या जगात हा वाद रीतसर झाला. लोकल व्हेरिएबल आपोआप शून्य करण्याचा पर्याय क्लँगने दिला खरा. पण तो वापरण्यासाठी जी जादा ऑप्शन लिहावी लागे तिच्या नावातच, हा पर्याय पुढे काढला जाणार हे मला ठाऊक आहे, अशी कबुली गुंफलेली होती. लोक शून्यावर विसंबू लागले तर भाषेची वेगळीच बोली तयार होईल, ही त्यामागची भीती. अखेर २०२३ च्या क्लँग १६ मध्ये ती अट सुटली, आणि कर्नलनेही चालत्या मशिनांसाठी शून्यालाच पसंती दिली. माझे म्हणणे याच्या विरोधात जात नाही. ग्राहकाकडे शून्य ठेवा. पण चाचणीच्या मशिनवर विष ठेवलेच पाहिजे, आणि शून्यामुळे मशिन तगले म्हणून चूक बंद झाली असे लिहिता कामा नये.

९. इशारा गप्प करण्याची किंमत

इशाऱ्यामागचा हेतू न पाहता तो फक्त बंद केला तर काय होते, याचे उदाहरण कर्नलबाहेर आहे. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण न भरलेली मेमरी वाचल्याचा इशारा व्हॅलग्राइंडसारखी साधने देत होती. एका ठिकाणी न भरलेला बफर खरोखरच मिसळला जात होता. दुसरी तशीच दिसणारी ओळ मात्र यादृच्छिकतेचा खरा पुरवठा आत घेत होती. दोन्ही गेल्या, इशारा थांबला. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि त्याला किमती सुमारे ३२ हजार. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत डेबियन आणि त्यावर आधारलेल्या सिस्टिमवर बनलेल्या गुप्त किल्ल्या अंदाजाने सापडण्याजोग्या होत्या. ओळ कशी दिसते एवढेच पाहिले गेले. ती ओळ कोणाचे काम करत होती, हे विचारले गेले नाही.

१०. निष्कर्ष

न भरलेली मेमरी ही आळसाची खूण आहे हे मत टाकून द्यावे. मोठ्या सिस्टिममध्ये ती बहुधा न झालेल्या कराराची खूण असते: वेळेचा, नकाशाचा किंवा मापाचा करार. शून्य त्या कराराच्या जागी सही ठोकते, आणि ती सही खरी वाटते म्हणूनच ती घातक ठरते.

म्हणून कर्नल, ड्रायव्हर किंवा कोणताही मोठा सी कोड सांभाळणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. न भरलेल्या मेमरीचा इशारा आला की बोटे मेमसेटकडे वळण्याआधी तीन प्रश्न लिहून काढा. ही नोंद भरणे कोणाचे काम होते? त्याची हद्द कुठे संपते? आणि या रकान्यात शून्याचा अर्थ काय? तिन्हींची उत्तरे मिळाली तर शून्य खुशाल भरा. एकाचे जरी उत्तर नसेल, तर तो पॅच दुरुस्ती नाही आणि चेंजलॉगमध्ये त्याला दुरुस्ती म्हणू नये.